साथीदाराचे नाव

काम उत्तम व्हावे आणि ते कोणी केले हे कोणाला कळू नये, याला आपल्याकडे मोठेपणा म्हणतात. कळस सर्वांना दिसतो, पायाचा दगड दिसत नाही. पण दगड कधी तक्रार करतो का, असे आपण मुलांना विचारतो. मला ही उपमा रुचत नाही. दगडाला पोट नसते, आणि कौतुकाने मोहरणारे मनही नसते.

जुनी चित्रपटगीते ऐकताना हा विचार हटकून मनात येतो. चाल संगीतकाराची, गळा गायिकेचा. पण मधला तो ट्रम्पेट, तो ड्रमचा ठेका कोणाचा? मुंबईच्या स्टुडिओंत हे काम करणारे पुष्कळसे वादक गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या चाली वाद्यवृंदासाठी लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्रांचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, राहुलदेव बर्मन यांच्याकडचे ड्रमवादक फ्रँको वाझ. त्यांच्याच जोडीला पारशी तालवादक कावस लॉर्ड. तबकडीवर ही नावे सहसा नसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघर पोचले. पण ऐकणाऱ्यांना ते एका विनोदी पात्राचे वाटले!

परदेशातही तीच कथा. बीटल्सचे 'लव्ह मी डू' ११ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा मुद्रित झाले, तेव्हा ड्रमवर अँडी व्हाइट हा बाहेरून बोलावलेला वादक होता, आणि रिंगो स्टारच्या हाती खंजिरी होती. पुढल्या वर्षी त्यांच्या पहिल्या अल्बमात हेच मुद्रण गेले. वेष्टनावर चेहरे मात्र चौघांचेच.

कोणी म्हणेल, वादकाला मजुरी मिळाली, सौदा मिटला. शिवाय फळाची आशा धरू नये, असे गीताच सांगते. खरे आहे, पण तो उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. त्याने फळ सोडावे म्हणून आपण ते उचलून न्यावे, असा त्याचा अर्थ नव्हे. दान देणाऱ्याच्या हातून होते. खिशातून काढून घेतले तर त्याला दुसरे नाव आहे.

आमच्या गंगाखेडच्या जनाबाईने हा प्रश्न फार सोपा केला आहे, असे मला वाटते. नामदेवांच्या घरी ती दासी. तिच्याइतकी नम्रता कोठून आणावी? तरीही अभंगाच्या शेवटी तिने आपली नाममुद्रा ठेवली, आणि लोकांनी ती पुसली नाही. याहून मोठी गोष्ट अशी की, दळणकांडणात आपल्याला कोण हात लावतो, हेही तिने सांगून टाकले. जात्यावरच्या त्या साथीदाराने काही नाव मागितले नव्हते. विठ्ठलाला कसली उणीव! पण साथ घेतली तर साथीदाराचे नाव सांगावे, एवढे जनीला कळत होते.

२०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलावंताला स्वतःचे नाव लागण्याचा हक्क मिळाला. मात्र चित्रपटात ज्याचे काम किरकोळ आणि ज्याचे नाव देण्याची धंद्यात रीत नाही, त्याला वगळण्यात आले. म्हणजे आजवर नाव दिले नाही, हेच पुढे न देण्याचे कारण!

अशी रीत कायद्यापेक्षा ऐकणाराच लवकर मोडतो. १९४९ च्या 'महल'मधील गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' या पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी रेडिओला पत्रे लिहून विचारले, ही गाते कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले.

यंदाच्या दिवाळीत घरी जुनी गाणी लागतीलच. मुले विचारतील, कोण गाते आहे? ते जरूर सांगावे. मग आपणही त्यांना विचारावे, वाजवते कोण? उत्तर शोधावे लागेल. फराळ होईपर्यंत तेवढा वेळ असतो.