निर्वाहाचे साधन आणि युद्धाचे पाप

युद्धात पाप असेल तर त्याचा वाटा कोणाकडे किती जातो, हा प्रश्न जुना आहे. रणांगणावर शस्त्र चालविणाऱ्याविषयी आपल्या परंपरेने पुष्कळ विचार केला; परंतु ते शस्त्र घडविणारा, वाहणारा आणि साठविणारा यांच्याविषयी फारसा केला नाही. आधुनिक युद्धात तर एका लढणाऱ्यामागे कित्येक राबणारे असतात. म्हणून हा प्रश्न आता बाजूस सारता येण्याजोगा राहिलेला नाही.

१९४० साली आपल्या देशात त्याला दोन परस्परविरुद्ध उत्तरे मिळाली. १७ ऑक्टोबर रोजी वर्ध्याजवळ पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. इंग्रजांच्या युद्धास माणसांचे वा पैशाचे साहाय्य करणे अनुचित होय, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. या देशात विमान तयार व्हावे, ही त्यांची आकांक्षाही देशाभिमानाचीच होती. पुढे १९४२ साली सरकारने कारखान्याची सूत्रे हाती घेतली आणि १९४३ पासून तेथे अमेरिकेच्या लढाऊ विमानांची दुरुस्ती होऊ लागली. विनोबांनी आणि वालचंदांनी आपापला मार्ग निवडला होता. पण त्या कारखान्यात ज्यांनी हातोडा धरला, त्यांच्यापैकी कितीकांपुढे तत्त्वाच्या अगोदर वेतनाचा प्रश्न उभा असेल!

या बाबतीत गांधीजींचे मत फार कडक होते. बोअर युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा करणारे पथक उभारले होते. तरीही पुढे आत्मकथेत, लढणारा आणि शुश्रूषा करणारा यांत अहिंसेच्या दृष्टीने ते भेद मानीत नाहीत. हे मत मान्य केले तर दोषाची सीमा कोठे आखावी? वर्धा जिल्हा कापसाचा; आणि धूर न होणारी बंदुकीची दारू कापसापासूनही करतात. मग कापूस पिकविणारा दोषी, कर भरणारा कारकून दोषी, आणि सीमेवर सैन्य आहे म्हणून निश्चिंत निजणारे आपण सर्वच दोषी. परंतु सर्वच दोषी ठरले म्हणजे कोणीच दोषी उरत नाही. तेव्हा काही मोजमाप हवे. आणि ते निवडीच्या स्वातंत्र्याचे असावे, असे आम्हांस वाटते. ज्याला नकार देता येत होता त्याचा वाटा मोठा. नकार दिल्यास ज्याची चूल विझते त्याचा लहान.

हे माप वर्धा जिल्ह्यातच लावून पाहावे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात पुलगाव येथे लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. मे २०१६ च्या अखेरीस तेथे लागलेल्या भीषण आगीत लष्करी अधिकारी आणि अग्निशामक दलाचे लोक प्राणास मुकले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी, भांडारालगतच्या सोनेगावजवळ, जबलपूरच्या खमरिया कारखान्यातून नष्ट करण्यासाठी आणलेला दारूगोळा हाताळताना स्फोट झाला आणि सहा माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आसपासच्या खेड्यांतील रोजंदार होते. ते गोळे कोणत्या शत्रूसाठी घडविले, कोणी घडविले, ते निकामी का झाले, यांपैकी एकाही गोष्टीत त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. निवड ज्यांची सर्वांत थोडी, धोका त्यांच्याच पदरी सर्वांत अधिक आला.

त्यांना बळजबरीने तेथे कोणी नेले होते काय, असे कोणी विचारील. कोरडवाहू शेतीच्या मुलखात रोजाची आशा हीच एक बळजबरी असते, इतकेच त्याचे उत्तर आहे. १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे याच वर्ध्यात, मगनवाडीस पडले. जे. सी. कुमारप्पा यांनी त्या कामास वाहून घेतले. तो केवळ घाणीचे तेल आणि हातकागद यांचा उद्योग नव्हता. दुसऱ्यास न दुखविता पोट भरण्याचा मार्ग गावातच असेल तरच मनुष्य अनुचित कामास नाही म्हणू शकतो, हा त्यातील खोल अर्थ होय. सदसद्विवेकालाही घरात शिधा असावा लागतो.

शस्त्रे पापमय आहेत असे मानणारे आणि ती आवश्यक आहेत असे मानणारे, असे दोन पक्ष आपल्यात राहणारच. पहिल्या पक्षाने मजुराला उपदेश करण्यापूर्वी दुसरे काम दिले पाहिजे. दुसऱ्या पक्षाचे ऋण तर याहून मोठे आहे. संरक्षण सर्वांचे आणि मरण मात्र रोजावर लावलेल्यांचे, ही वाटणी त्याने कोणत्या न्यायाने चालू ठेवावी? जे काम राष्ट्रासाठी आवश्यक ठरविले, ते अशिक्षित रोजंदाराच्या माथी न मारता शिकविलेल्या, विमा उतरविलेल्या, नोकरीची शाश्वती असलेल्या माणसांकडूनच करून घेणे, हे या पक्षाचे किमान कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत त्या मजुराच्या हातांना दोष देण्याचा अधिकार दोहोंपैकी एकाही पक्षास पोहोचत नाही.