रुग्णसेवा आणि पत्नीचा अर्धा तास

 

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू मलमूत्रात पडून होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः पाणी ओतले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून मंचकावर निजवले. पुढे चांगल्या रुग्णसेवकाची पाच लक्षणे सांगितली आहेत: त्याला औषध तयार करता येते, पथ्य-अपथ्य कळते, तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, किळस मानत नाही आणि वेळोवेळी आजाऱ्याचा उत्साह वाढवतो.

ही लक्षणे आज मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजाराला लावून पाहू. ब्रिटनसारख्या थंड देशांत तो अधिक आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, संसार व नोकरी ऐन भरात असताना लक्षात येतो. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. पाय अशक्त होतात, तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही आणि विलक्षण थकवा येतो. थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून घरात त्याला सहज 'आळस' म्हटले जाते.

पूर्वी अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. आता तसे नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार नियमित व्यायामाने एमएसला अपाय होत नाही, फायदा होऊ शकतो. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी कॅनडातील २०१३ ची शिफारस अशी: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे दम वाढवणारा मध्यम व्यायाम आणि दोनदा स्नायू बळकट करणारा. सुरुवात अर्थातच डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने करावी.

आता पतीकडे वळू. पथ्य कळणे म्हणजे काय? एमएसमध्ये अंग तापले की नजर धूसर होऊ शकते, पाय जड होतात. अंग थंड झाल्यावर हे बहुधा ओसरते. ज्याला हे माहीत नाही तो घाबरून व्यायामच बंद करायला लावतो. ज्याला माहीत आहे तो पंखा लावतो, थंड पाणी हाताशी ठेवतो.

किळस न मानणे म्हणजे काय? वाटेत लघवी सुटेल या धास्तीने चालायला जाणेच सोडून द्यावेसे वाटू शकते. जवळचे स्वच्छतागृह माहीत असणे, पिशवीत कपड्यांचा जोड असणे आणि चेहऱ्यावर आठी नसणे, एवढ्याने ती घराबाहेर पडू शकते.

आणि उत्साह वाढवणे म्हणजे हुकूम सोडणे नव्हे. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेची उपमा दिली: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. ही तार तिची आहे, ती तिनेच लावायची. एखाद्या दिवशी अर्धा तास होईल, एखाद्या दिवशी पाचच मिनिटे.

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये आहेत. पत्नीचा सन्मान करणे, तिची अवहेलना न करणे आणि तिच्या हाती अधिकार देणे ही त्यांपैकी तीन. अधिकार म्हटले की आपल्याला घराचा कारभार आठवतो. पण स्वतःच्या शरीरावरचा आणि वेळेवरचा अधिकार त्याआधीचा आहे. "तू बस, मी करतो" हे प्रेमाचे वाक्य आहे. रोज, प्रत्येक कामाला तेच म्हटले तर मात्र तिचे पायही बसतात आणि आत्मविश्वासही. त्याऐवजी भाजी तुम्ही टाका, मुलांना शाळेत तुम्ही सोडा आणि तो अर्धा तास तिला द्या. मीठ कुठे आहे हे विचारायला मध्येच हाक मारू नका.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहायला सांगितले होते. ती उभी राहू पाहत असताना शरीर साथ देत नसेल, तर तो शब्द पाळण्याची जबाबदारी आपल्यावरही येते.

आपल्या घरात एमएस नसेल, संधिवात असेल, मधुमेह असेल. या आठवड्यात पत्नीला एवढेच विचारा: "तुझ्यासाठी कोणती वेळ मोकळी करू?" ती सांगेल ती वेळ पाळा. मैत्रीची सुरुवात तिथून होते.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!