सांगणाऱ्याचा हक्क

परतूरच्या आमच्या मोहल्ल्यात पंचवीसेक वर्षांपूर्वी एक संशोधक आले होते. मुस्लिम स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांवर त्यांना पीएच.डी. करायची होती. शेजारच्या खाला दोन दिवस त्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर बसल्या. ओव्यांच्या ओघात सासरचे चार कडू शब्दही बोलून गेल्या. संशोधकांना पदवी मिळाल्याचे पुढे कानावर आले. प्रबंध मात्र कुणी पाहिला नाही. टंकलिखित चार-पाच प्रती निघायच्या, त्यातली एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तिथे ओळखपत्र लागते. खालांकडे रेशनकार्ड होते.

ज्याने सांगितले त्यालाच वाचायला मिळू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध १९२५ साली छापला गेला आणि छापील प्रती पोचल्यावर १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. आधी लोकांसमोर या, मग पदवी घ्या, असा तो रिवाज होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर आज देशभरातले लाखो प्रबंध फुकट वाचता येतात. जुनेही स्कॅन होऊन येतात. मात्र स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. मराठी शब्द टाकून त्यात शोध घेऊ म्हटले तर बहुधा काही हाती लागत नाही.

चोरी होईल, असे संशोधक मंडळी म्हणतात. आम्हाला तर वाटते, चोरी कुलूपबंद कपाटातच खपते. उघड्यावरच्या मजकुराला दहा साक्षीदार असतात. पुस्तक काढायचे असेल तर वर्ष-दोन वर्षे थांबावे, तेवढी सवलत रास्त आहे.

पण आमची खरी अडचण निराळीच निघाली. गेल्या वर्षी खालांच्या नातीने तो प्रबंध मोबाईलवर शोधून काढला. आम्ही सारे भोवती बसलो. ओव्या ऐकताना खालांचे ओठ हलत होते. मग एक पान आले. खालांचे पूर्ण नाव, गाव, आणि खाली सासूने केलेल्या छळाची हकिकत.

"हे कशाला लिहिलं? ते मी बाई म्हणून बोलले होते."

आपण इल्म दडवणे वाईट मानतो, आणि अमानतीत खयानत करणेही. इथे दोन्ही समोरासमोर उभी होती. कपाटात होता तोवर प्रबंधातल्या त्या पानाने कुणाला दुखवले नव्हते. म्हणून कपाट बंदच बरे होते का? आम्हाला तसे वाटत नाही. घाव उघडण्याने झाला नाही. नाव न बदलता लिहिले तेव्हाच तो झाला होता, कळला आत्ता. उद्या हे सारे जगापुढे जाणार, याची जाणीव असती तर लिहिणाऱ्याने खालांना एकदा विचारले असते.

नातीने मोबाईल बंद करायला घेतला, तेव्हा खालांनीच तिचा हात धरला. त्यांना मघाची एक ओवी पुन्हा ऐकायची होती. तिथे 'मक्केची वाट' होती, संशोधकांनी 'मक्याची वाट' लिहिली होती. खाला खूप हसल्या. ही दुरुस्ती नातीने तूर्त वहीत उतरवून ठेवली आहे.