आप्तवाक्य आणि ऑइल पंप

जी गोष्ट डोळ्यांनी पाहता येत नाही, आणि जी पाहण्याची वेळ येईल तेव्हा अनर्थ होऊन चुकलेला असेल, तिच्याविषयी माणसाने कोणाच्या शब्दावर विसंबावे, हा प्रश्न केवळ परलोकाच्या चिंतेत मग्न असणाऱ्यांचा आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जुन्या बुलेट मोटारसायकलीस मूळ कारखान्याचा नसलेला ऑइल पंप बसवू पाहणाऱ्या गृहस्थालाही तो तितक्याच निकडीने पडतो.

इंग्लंडातील रेडिच येथे जन्मलेल्या आणि १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या मद्रासच्या कारखान्यात पुढे दशकानुदशके घडत राहिलेल्या या गाडीच्या बिडाच्या इंजिनात, टायमिंगच्या बाजूस, क्रँकवरील वर्मने फिरणाऱ्या एकाच दांड्यावर दोन पंप चालतात: एक टाकीतले तेल बिग-एंडच्या बेअरिंगकडे धाडतो, आणि दुसरा क्रँककेसच्या तळाशी ओघळलेले तेल उचलून टाकीत परत आणतो. यांत झडपा नाहीत. एक पोलादी चकती आपल्या बैठकीवर मागेपुढे झुलते आणि त्या झुलण्यातच तेलाची भोके उघडतात व मिटतात. त्यामुळे पंपाचे सारे सामर्थ्य त्या दोन सपाट पृष्ठभागांच्या निर्दोष स्पर्शावर अवलंबून असते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तो स्पर्श सैल झाला की तेल वाटेतच निसटते, आणि मग मालक अधिक क्षमतेचा, मोठ्या दट्ट्याचा पर्यायी पंप शोधत बाजारात येतो.

बाजारात त्याला वस्तूपेक्षा वाक्येच अधिक मिळतात. दुकानदार खात्री देतो, मित्र आपल्या गाडीचा दाखला देतो, वेष्टनावर काही भारदस्त मजकूर असतो. यांपैकी प्रमाण कोणते? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे सांगितले आहे: ज्याने विषयाचा साक्षात्कार करून घेतला आहे आणि तो जसा आहे तसाच दुसऱ्यास कळवावा अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे. आपल्या शास्त्रवाङ्मयात याहून उदार विधाने फार थोडी असतील असे मला वाटते, कारण येथे प्रामाण्य कुळाला नाही, ज्ञानाला आणि सद्भावाला आहे. या कसोटीने पाहता मूळ कारखान्याचा शिक्का हाही कुळाचाच दाखला ठरतो. ज्याने अशी इंजिने स्वतः खोलली आहेत आणि उद्या गाडीवाला दारात उभा राहिला असता ज्याला तोंड लपवता येणार नाही, असा मिस्त्री तेलकट हातांनी बोलला तरी आप्त होय. तो बहुधा आधी आपल्यालाच विचारतो, की तेल धाडणारा पंप मोठा घेताय, पण परतीचा मोठा घेतलात का? परतीचा पंप नेहमी वरचढच असावा लागतो. नाहीतर क्रँककेसमध्ये तेल साचते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि प्लग काळा पडतो.

परंतु आप्ताची आप्तता तरी कशी ओळखावी? मीमांसकांचे म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत त्याला जामीन लागत नाही. नैयायिक म्हणतात की प्रवृत्ती सफल झाली म्हणजे ज्ञानाचे प्रामाण्य ठरते. येथे बाधकाची वाट पाहावी तर बाधक म्हणजे जळालेले बेअरिंग. आणि सफलतेची परीक्षा घ्यावी तर इंजिन चालू करावे लागते, व पंपाने तेल उचलले नाही तर ती परीक्षाच इंजिनाचा घात करते. या पेचातून वाट न्यायसूत्रांनीच दाखवली आहे. वेदाचे प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्यासारखे मानावे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ज्याचे शब्द दृष्ट विषयांत खरे ठरले, त्याच्यावर अदृष्ट विषयांत विश्वास ठेवणे युक्त आहे. श्रद्धेचा याहून प्रामाणिक पाया मला दुसरा आढळलेला नाही.

तेव्हा मिस्त्रीच्या दृष्ट कर्माकडे पाहावे. नवी चकती बैठकीवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून तो हळूहळू घासतो, उचलतो, उजेडाकडे तिरपी धरतो, आणि सर्वत्र एकसारखी करडी झाक उमटेपर्यंत पुन्हा घासतो. मग रॉकेलने धुतो, फुंकतो, पुन्हा धुतो, कारण त्या पेस्टचा कण तेलाबरोबर बेअरिंगात गेला तर पंप न बदललेलाच बरा. झाकण लावण्यापूर्वी पंपाच्या पोकळीत तेल भरतो, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा फिरणार नाही. ही दुसरी धुलाई कोणी सांगितलेली नसते, तिचा मोबदलाही वेगळा नसतो. तिथेच माझा विश्वास बसतो.

इंजिन चालू झाल्यावर रॉकरला जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल पाझरते का ते पाहतात, आणि ते दिसताच मालकाचा चेहरा खुलतो. पण नैयायिकांच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे, म्हणजे त्यावरून निष्कर्ष निश्चित होत नाही. बिग-एंडची वाट वेगळी आहे. टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात तेल शिरते तेथे कॉर्कची एक लहानशी चकती असते, ती झिजली असेल तर रॉकर भिजलेले राहूनही बेअरिंग उपाशी राहते. म्हणून जाणता मिस्त्री पंपाबरोबर ती चकतीही बदलतो. यानंतरही शंका काढता येईल. परंतु नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेलाही हद्द घालून दिली आहे, की जेथे आपल्याच आचरणाशी विरोध येतो तेथे ती थांबते, आणि जो गृहस्थ किक मारून घाटाच्या रस्त्याला लागतो त्याला पंपावर माझा विश्वास नाही असे म्हणण्याचा अधिकार राहत नाही. मात्र थोडे अंतर गेल्यावर पहिले तेल उतरवून ते फडक्यातून गाळून पाहण्याचा त्याचा अधिकार अबाधित आहे, आणि तो त्याने जरूर बजावावा.