वर्षाचे माप

डिसेंबर संपत आला म्हणजे वृत्तपत्रांतून सरत्या वर्षाचे सिंहावलोकन प्रसिद्ध होऊ लागते. कोठे युद्ध पेटले, कोठे सत्ता उलथली, कोणता थोर पुरुष निवर्तला, कोणता नवा शोध लागला, ह्यांची एक यादी आपणांपुढे येते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांतून ती सकाळच्या चहाबरोबर वाचली जाते आणि तिजवर वादही रंगतात. अमुक घटना गाळली, तमुक घटनेस उगाच मान दिला, अशी तक्रार प्रत्येकाचीच असते. परंतु घटना मोठी ठरते ती कोणत्या मापाने, हा प्रश्न यादी करणारा आणि वाचणारा हे दोघेही बहुधा स्वतःस विचारीत नाहीत. वरवर पाहता हा प्रश्न संपादकाच्या सोयीचा वाटेल; मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. कारण आपण ज्यास मोठे म्हणतो त्याकडेच आपले लक्ष जाते, आणि जेथे लक्ष पोहोचत नाही तेथे कर्तव्याची जाणीवही पोहोचत नाही.

ह्या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखादे वर्ष हाती घेऊन करावा हे बरे. आम्ही १९३० हे वर्ष घेतो. ते आता पुष्कळ मागे पडले आहे, त्यातील बीजांना आलेली फळे दिसली आहेत, आणि सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने म्हणा, आमच्या गावाचा त्या वर्षाशी निकटचा संबंध आहे.

त्या वर्षाची जगाची यादी काही लहान नाही. १२ मार्च रोजी महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले आणि ६ एप्रिल रोजी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. ते निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील एका वेधशाळेने नवा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. त्यास प्लूटो हे नाव मिळाले. जूनमध्ये अमेरिकेने परदेशी मालावरील जकात भरमसाट वाढविली, आणि आधीच मंदीने खचलेला जगाचा व्यापार अधिकच आखडला. सप्टेंबरात जर्मनीत निवडणुका झाल्या व हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून एकदम १०७ वर गेल्या. नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांस मिळाले. वर्ष संपल्यावर 'टाइम' ह्या अमेरिकन साप्ताहिकाने त्या वर्षाचा पुरुष म्हणून गांधीजींची निवड केली, आणि ती अयोग्य होती असे आजही कोणी म्हणणार नाही.

ह्याच वर्षी, दांडीयात्रा निघण्यापूर्वी दहा दिवस, म्हणजे २ मार्च रोजी, नाशिक येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांस त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्या लोकांची शिस्तबद्ध मिरवणूक पंचवटीकडे गेली. मंदिराचे दरवाजे लावून घेण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत सुमारे सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया होत्या, असे चरित्रकार सांगतात. स्थानिक व्यवस्थेचा भार भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड ह्यांनी वाहिला. चैत्रात रामरथाच्या प्रसंगी तडजोडीची बोलणी फिसकटली आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे सुमारे पाच वर्षे मधूनमधून चालूच राहिला आणि दरवाजा काही उघडला नाही. मंदिरात पाऊल पडल्याने आपले सर्व प्रश्न सुटणार नाहीत, हे डॉ. आंबेडकरांनी आरंभीच अनुयायांस स्पष्ट सांगितले होते. माणसास माणूस म्हणून वागविण्याची इतर हिंदूंची तयारी आहे की नाही, एवढेच त्यांस पाहावयाचे होते.

आता मापांचा विचार करू. पहिले माप गाजावाजाचे. त्या मापाने प्लूटोचा शोध खासच मोठा होता. परंतु २००६ साली ज्योतिषशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यास ग्रहांच्या पंक्तीतून उठविले. आकाशातील त्या गोलाचे ह्या शहात्तर वर्षांत काहीही बिघडले नव्हते. बदलली ती आपली मोजणी. तेव्हा गाजावाजाचे माप फारसे भरवशाचे नाही, हे कोणीही मान्य करील.

दुसरे माप परिणामांचे, आणि ते अधिक आदरणीय आहे. त्या मापाने पाहिले तर नाशिकचा सत्याग्रह लहान म्हणता येणार नाही. त्यातून आलेल्या निराशेने आमच्याच जिल्ह्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लक्षावधी लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन ती खरी केली. पंचवटीतील एका बंद दरवाजाने लक्षावधी माणसांचा धर्म बदलला असे म्हटले तर ती अतिशयोक्ती खरी, पण थोडीच. तथापि ह्या मापातही एक वैगुण्य आहे. परिणाम दिसतात ते मागाहून. इतिहासकारास त्याची अडचण नाही, त्याचे काम वेळ गेल्यावरच सुरू होते. परंतु जो त्या वर्षात जगत आहे, ज्यास आज सायंकाळपर्यंत काही करावयाचे वा न करावयाचे आहे, त्याने पंचवीस वर्षांनी येणाऱ्या फळाची वाट कशी पाहावी? १९३० च्या मार्चमध्ये नाशिककरास येवले ठाऊक नव्हते, नागपूर ठाऊक नव्हते. त्यास ठाऊक होते ते इतकेच, की आपल्या गावात काही माणसे एका दरवाजाशी उन्हात बसली आहेत.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो वजनदार आहे. मोठ्या प्रश्नाच्या पोटात लहान प्रश्न सुटतात. देश आधी स्वतंत्र होऊ द्या, मग मंदिराचे दरवाजे आपोआप उघडतील, असे त्या काळी अनेक सद्हेतू असलेली माणसेही म्हणत. इतिहासाने त्यांस अगदीच खोटे पाडले नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु 'आपोआप' ह्या शब्दापाशी आम्ही अडतो. कायदे आपोआप होत नाहीत. कोणी तरी दरवाजाशी बसले होते म्हणून तो प्रश्न कायदे करणारांस टाळता आला नाही. शिवाय ह्या दोन सत्याग्रहांत एक भेद आहे, तो आमच्या मते निर्णायक आहे. मिठावरील कर उठविणे हे परक्या सरकारच्या हातात होते. नाशिककराने कितीही मनापासून इच्छिले तरी तो कर त्याच्या इच्छेने उठणारा नव्हता. काळारामाच्या दरवाजाची कडी मात्र नाशिककराच्याच हातात होती. ती काढण्यास व्हाइसरॉयच्या सहीची गरज नव्हती, की लंडनच्या परिषदेची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

ह्यावरून आम्हांस तिसरे माप सुचते. ज्या घटनेत आपल्या कृतीस वा अकृतीस वाव आहे, ती घटना आपल्यापुरती मोठी; आणि हा वाव जितका अधिक, तितकी ती अधिक मोठी. हे माप जगाच्या इतिहासासाठी नाही, हे आम्ही कबूल करतो. दांडीचे माहात्म्य त्याने तिळमात्र उणे होत नाही, आणि जर्मनीतील त्या १०७ जागांनी पुढे जगावर जो अनर्थ ओढवला तोही लहान होत नाही. हे माप आहे ते एकेका गृहस्थाने आपल्या वर्षाचा जमाखर्च मांडताना वापरावयाचे.

मग दूरच्या जगाची बातमी वाचावयाचीच नाही काय? असे म्हणणे म्हणजे कूपमंडूकवृत्तीस तत्त्वज्ञान ठरविणे होय. शिवाय दूर म्हणजे किती दूर, हेही आता सांगता येत नाही. दिंडोरी-निफाडची द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात. तिकडील युद्धाने वा जकातीने इकडील शेतकऱ्याचे वर्ष बुडू शकते. जगाचे ज्ञान हवेच. आमचे म्हणणे इतकेच, की जाणणे हे एक खाते आणि उत्तरदायी असणे हे दुसरे खाते. पहिल्यातील जमा दुसऱ्यात दाखविता येत नाही. दूरच्या दुःखाविषयी हळहळण्यास फारसे काही द्यावे लागत नाही. ते दुःख आपल्या ओसरीवर येत नाही, आपल्या शेजाऱ्याशी वैर करावयास लावीत नाही, आपल्या रूढीस हात घालीत नाही. म्हणूनच त्या हळहळीत एक सुख असते, आणि सहृदय माणसाने ह्या सुखापासूनच सावध राहावे.

२०२० साली हे दोन्ही हिशेब एका ठिकाणी आले. जगाची सर्वांत मोठी वार्ता साथीची होती, आणि तिचाच एक भाग मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकवरून पायी चालत होता. मुंबई-ठाण्यातील काम गेलेले मजूर डोक्यावर बोचकी, कडेवर मुले घेऊन उत्तरेकडील आपल्या गावांस निघाले होते. त्या वेळी कित्येकांनी त्यांस अन्नपाणी दिले. कित्येकांनी घरात बसून दूरदेशीच्या मृतांचे आकडे मोजले. दोघांस वार्ता एकच कळली होती. ज्ञानात उणेअधिक काही नव्हते. फरक पडला तो ह्यात, की एकाने त्या वार्तेतील आपल्या हातात असलेला तुकडा ओळखला आणि दुसऱ्याने ओळखला नाही.

सरत्या वर्षाची छापील यादी वाचावी, अगत्याने वाचावी, मुलांकडूनही वाचून घ्यावी. पण तिच्या शेजारी घरातल्या माणसांनी मिळून दुसरी एक यादी करावी. तीत ज्या दरवाजांच्या कड्या आपल्या हातात होत्या तेवढ्याच घटना असाव्यात: आपल्या गल्लीतल्या, आपल्या संस्थेतल्या, आपल्या पंक्तीतल्या. ती यादी लहान होईल आणि तीत एकही प्रसिद्ध नाव येणार नाही. ती करताना वादही होईल, आणि तो छापील यादीवरील वादाइतका सुखाचा असणार नाही. १९३० सालच्या नाशिककराकडे आज आपण ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने पुढचे कोणी आपणांकडे पाहणार आहे; आणि जगातील किती घटना आपणांस ठाऊक होत्या, हे विचारण्याची त्यास फारशी गरज वाटेल असे आम्हांस वाटत नाही.