लाखोलीचे तांदूळ

मार्व्याच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडून मनोरीस येणाऱ्या भाविकांत मुलाबाळांसह येणारी कुटुंबे पुष्कळ असतात. देवळाच्या पायरीवर पाऊल पडते न पडते तोच मुलांचे प्रश्न सुरू होतात. देवाला नैवेद्य दाखवायचा, मग तो आपणच का खायचा? पेटीत टाकलेले पैसे देव कशाला घेतो? रांग पुढे सरकत असते, मागून घाई होत असते, आणि खरे म्हणजे आईवडिलांपाशीही उत्तर तयार नसते. मग मुलाला हात जोडायला लावून गप्प केले जाते. मूल गप्प होते. प्रश्न मात्र तसाच राहतो.

श्रद्धा आणि शहाणपण यांचे नाते काय, हा विचार येथूनच सुरू होतो. श्रद्धा म्हणजे प्रश्न न विचारणे, असे पुष्कळांना वाटते. काहींना ते भूषण वाटते, काहींना दूषण. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी घरात हाच पेच उभा राहिला होता, आणि तेथे तो मोठ्या सुंदर रीतीने सुटला. ते घर होते आचार्य विनोबा भावे यांचे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. पुढे वडील नरहरराव यांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास गेले. वडील हिशेबी व शास्त्रीय वृत्तीचे होते. आई रुक्मिणीबाई भाविक होत्या. शालेय शिक्षण फारसे नव्हते, परंतु संतांचे अभंग मुखोद्गत होते. त्यांनी एकदा देवाला तांदळाची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे तांदूळ घ्यावेत, एकेक दाणा मोजावा आणि देवाला वाहावा, असा नेम चालू झाला.

नरहररावांनी ते पाहिले आणि एक सोपा मार्ग सुचविला. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यांचे दाणे मोजावेत, म्हणजे लाख दाण्यांना किती तोळे लागतील ते निघेल. चूकभूल राहू नये म्हणून वर अर्धा तोळा अधिक घालावा. गणित बिनचूक होते. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचले नाही. त्या रागावल्या नाहीत, की देवाधर्मात गणित आणू नये असे म्हणून त्यांनी विषयही तोडला नाही. संध्याकाळी त्यांनी आपल्या मुलाला, विन्याला, विचारले: हे म्हणतात त्यात चूक काय आहे?

विनोबांना गणिताची अतोनात आवड होती. वडिलांची रीत त्यांना पटेल, असे कोणासही वाटले असते. पण त्यांनी आईला सांगितले की, लाखोली हा गणिताचा विषय नाही. एकेक दाणा मोजताना मन ईश्वराचे आणि संतांचे स्मरण करीत असते, त्यासाठी हा नेम आहे. आईचे समाधान झाले आणि तिने हे उत्तर पतीलाही सांगितले.

तांदळाच्या जातीप्रमाणे कमीअधिक होईल, परंतु लाख दाण्यांचे वजन साधारण दोन किलोच्या आसपास भरते. एवढे तांदूळ कोणत्याही घरातून एका पिशवीत आणता येतात. मात्र सेकंदाला एक दाणा या वेगाने मोजले, तरी लाख दाण्यांना सुमारे २८ तास लागतात. म्हणजे रुक्मिणीबाई देवाला जे देत होत्या ते तांदूळ फारसे नव्हतेच. संसाराच्या धबडग्यातून काढलेले अठ्ठावीस तासांचे अवधान त्या देत होत्या. तोळ्याच्या मापाने तांदूळ पूर्ण झाले असते. जे द्यावयाचे होते तेच राहून गेले असते.

मग नरहररावांचे गणित चुकले काय? तसेही म्हणता येत नाही. त्यांच्या गणिताची जागा कोणती, हे विनोबांच्या आईच्याच दुसऱ्या एका प्रसंगावरून उमगते. दारी एक धडधाकट भिक्षेकरी आला आणि रुक्मिणीबाईंनी त्याला भिक्षा घातली. विनोबांनी हरकत घेतली. अशाने आळस वाढतो, अपात्री दान उपयोगी नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूस शास्त्रही होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे. आईने उत्तर दिले, त्याचा आशय असा की, पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण? दारी आलेल्यास देवरूप मानावे आणि शक्तीप्रमाणे द्यावे. या युक्तिवादाचे खंडन करणारे उत्तर आपणास अद्याप सापडलेले नाही, अशी कबुली विनोबांनी पुढे मोठेपणी दिली.

दान करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न केव्हातरी येतोच. आपण दिलेले योग्य ठिकाणी जाईल काय? याचा उलगडा कदाचित असा करता येईल. पैसा दुसऱ्याचा असेल, तर नरहररावांचा तोळा हाच धर्म होय. सार्वजनिक न्यासाने पै-पैचा हिशेब ठेवावा, तपासून घ्यावा, मदत मागणाऱ्याची गरज पाहूनच ती द्यावी. १९५० च्या विश्वस्त कायद्यानेही हिशेब व लेखापरीक्षा बंधनकारक केली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण दुसऱ्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु आपल्या घरातील, आपल्या ताटातील मूठभर द्यावयाची असेल, तेव्हा घेणाऱ्याची परीक्षा घेत बसण्यापेक्षा आपला हात आखडत तर नाही ना, हे पाहणे अधिक बरे. पात्रतेची चौकशी पुष्कळदा न देण्याची सबब असते. कोठे मोजावे आणि कोठे मोजू नये, हे ओळखणे म्हणजेच व्यवहारातील शहाणपण.

हे शहाणपण रुक्मिणीबाईंच्या ठायी कोठून आले? ते रोजच्या कामातून आले. शेजारच्या घरी स्वयंपाक करणारे कोणी नसले म्हणजे त्या तेथे जाऊन स्वयंपाक करून देत. मात्र आधी आपल्या घरचा करीत, मग तेथे जात. विनोबांनी एकदा विचारले, आधी आपले आणि मग त्यांचे, हा स्वार्थ नव्हे काय? आई हसली. त्यांचा स्वयंपाक लवकर करून ठेवला तर जेवताना तो निवून जाईल. त्यांना ऊन ऊन मिळावे म्हणून नंतर जाते, असे तिने सांगितले. वरून पाहता जो स्वार्थ दिसला, तोच आतून परार्थ निघाला. दुसऱ्याच्या पानातील भाताची ऊब जिला जाणवते, तिची श्रद्धा देवघरातच अडकून राहिलेली नाही, हे उघड आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या तिन्ही प्रसंगांत त्या घरात मुलाला प्रश्न विचारण्याची मोकळीक होती. दोन वेळा आईने मुलाला समजावले आणि एकदा मुलाने आईला. लाखोलीचे जे उत्तर विनोबांनी दिले, ते तरी त्यांना कोठून मिळाले? आईला रोज मोजताना त्यांनी पाहिले होते. तिच्या मनात जे होते आणि शब्दांत येत नव्हते, ते मुलाने तिच्याच आचरणातून उचलले आणि तिला परत दिले.

अशीच एक परतफेड पुढे घडली. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते. मुलाने वामन पंडितांचा मराठी समश्लोकी अनुवाद आणून दिला, तोही कठीण वाटला. याहून सोपा मिळत नाही असे त्याने सांगताच, मग तूच का करीत नाहीस, असे ती म्हणाली. १९१८ साली ती निवर्तली. विनोबांनी १९३० च्या ऑक्टोबरात लेखनास आरंभ केला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ‘गीताई’ पूर्ण केली. ती ऐकण्यास आई नव्हती; ग्रंथाच्या नावात मात्र ती राहिली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी आपल्या आईच्या आठवणींवर आधारलेली ‘श्यामची आई’ लिहिली. पायाला घाण लागू नये म्हणून जसा जपतोस तसा मनालाही जप, ही त्या आईची शिकवण घरोघरी पोहोचली. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. आईने अंगणात दिलेला संस्कार असा देवळाच्या महाद्वारापर्यंत जाऊन पोहोचला.

आज घरोघरी मुलांसाठी तोळ्याचे माप भरपूर आहे. उत्तम शाळा, शिकवणी, कपडालत्ता यांत आईवडील काही कमी पडू देत नाहीत, आणि वर अर्धा तोळा अधिकही घालतात. कमी पडतो तो दाणा दाणा मोजण्याचा वेळ. मुलाचा प्रश्न पूर्ण ऐकून घेणे, उत्तर नसेल तर तसे कबूल करणे आणि कधी त्यालाच विचारणे, हीही एक लाखोलीच आहे. ती एका दिवसात पूर्ण होत नाही.

दर्शन घेऊन परतताना तरीला अवकाश असतो. धक्क्यावर वाट पाहत असता बरोबरच्या मुलाने देवळात विचारलेला प्रश्न भाविकांनी त्याला पुन्हा विचारावयास सांगावा आणि शांतपणे ऐकावा. तेवढी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.