गोल झाल्यानंतर



आपल्यातील कित्येक कुटुंबांची मुले आणि नातवंडे आज कॅनडात, अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांचा फोन आला की तिकडच्या थंडीबरोबर एका खेळाचे नाव हमखास निघते, ते म्हणजे आइस हॉकी. आपल्या मैदानी हॉकीशी या खेळाचे नाते नावापुरते आणि काठीपुरतेच आहे. बर्फाचे गुळगुळीत मैदान, पायांत धारदार पात्यांचे स्केट्स आणि चेंडूऐवजी कठीण रबराची चकती. तिला 'पक' म्हणतात. एका संघाचे एका वेळी सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, तिच्यासमोर अंगभर पॅड बांधलेला गोलरक्षक. त्याला चकवून पक आत घालणे ही सोपी गोष्ट नव्हे. म्हणूनच गोल झाला की खेळाडूच्या आनंदाला भरती येते.

या आनंदावरूनच तिकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. जुन्या मताचे लोक म्हणतात, हात वर करा, सोबत्यांना मिठी मारा, बाकासमोरून जाताना हातमोज्याला हातमोजा लावा आणि पुन्हा खेळायला उभे राहा. नाचणे, मिरवणे, नक्कल करणे हा या खेळाचा संस्कार नव्हे. नव्या मताचे लोक विचारतात, खेळच आनंदासाठी आहे, मग तो लपवायचा कशासाठी? या वादाचा निकाल देणे हे आपले काम नाही. परंतु गोल झाल्यानंतरच्या त्या काही सेकंदांत माणसाचे मन उघडे पडते, आणि तसेच मन आपल्याही छातीत आहे. म्हणून आज आपण या विषयाकडे थोडे श्रद्धेच्या नजरेने पाहू या.

14 एप्रिल 1991 चा प्रसंग. एडमंटन शहरात एडमंटन ऑयलर्स आणि कॅलगरी फ्लेम्स यांच्या बाद फेरीतील मालिकेचा सहावा सामना होता. हरल्यास कॅलगरीचा संघ स्पर्धेबाहेर जाणार होता. सामना बरोबरीत राहिला आणि जादा वेळ सुरू झाला. कॅलगरीचा थिओ फ्लेरी हा जेमतेम साडेपाच फूट उंचीचा खेळाडू. त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडला, एकट्याने धाव घेतली आणि गोल केला. मग काय विचारता! तो मैदानभर सुसाट निघाला, गुडघ्यांवर घसरला, पाठीवर पडला, लाकडी कठड्यावर जाऊन आदळला आणि मागून धावत आलेल्या सोबत्यांच्या ढिगाखाली दिसेनासा झाला. ते चित्र आजही त्या खेळाच्या आठवणींत अग्रभागी आहे. दोनच दिवसांनी सातवा सामना झाला, तोही कॅलगरीच्या स्वतःच्या मैदानावर. तो सामनाही जादा वेळेत गेला आणि एडमंटनने तो 5-4 असा जिंकला. कॅलगरीचा हंगाम संपला. जगाचा आनंद किती दिवस टिकतो, याचे याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

मग फ्लेरीने आनंद केला हे चुकले का? येथे आपल्याला दावीद राजाची आठवण होते. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो की, कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद सर्व शक्तीनिशी परमेश्वरापुढे नाचला. त्याची पत्नी मीखल खिडकीतून पाहत होती. राजाने असे नाचावे हे तिला लाजिरवाणे वाटले आणि तिने मनातल्या मनात त्याला तुच्छ लेखले. पवित्र शास्त्र दावीदाच्या नाचाला दोष देत नाही. खिडकीतून केलेल्या त्या निवाड्याबद्दल मात्र ते चांगले बोलत नाही. आपल्यापैकी अनेकांना ही खिडकी ओळखीची आहे. दुसऱ्याचा आनंद दिसला की "किती मिरवतो बघा" असे आपण सहज बोलून जातो.

फ्लेरीची पुढील कथा तर आपल्याला अंतर्मुख करणारी आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने उघड केले की, किशोरवयात त्याच्या प्रशिक्षकानेच त्याचे लैंगिक शोषण केले होते आणि त्यानंतर अनेक वर्षे तो दारूच्या व अमली पदार्थांच्या विळख्यात सापडला होता. ज्या वर्षी तो बर्फावर आनंदाने लोळत होता, त्या वर्षीही ती जखम त्याच्या आत होतीच. प्रेक्षकांना जल्लोष दिसला, जखम कोणालाच दिसली नाही. म्हणून माणसाचा जल्लोष पाहून त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याची घाई आपण करू नये. अंतःकरण पाहणारा एकच आहे.

असे असले तरी सगळाच जल्लोष सारखा नसतो, हेही खरे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या प्रसिद्ध 'सुम्मा' या ग्रंथात पोकळ बढाईचा विचार केला आहे. ते म्हणतात की, गौरव मिळणे किंवा मिळवावासा वाटणे हे स्वतःहून पाप नाही. गौरव पोकळ होतो तो तीन कारणांनी. एक, ज्या गोष्टीबद्दल तो हवा असतो तीच क्षुल्लक असते. दोन, ज्यांच्याकडून तो हवा असतो त्यांचे मत भरवशाचे नसते. तीन, मिळालेला गौरव देवाच्या सन्मानाकडे किंवा शेजाऱ्याच्या हिताकडे वळवला जात नाही. हीच तीन मापे आपण बर्फाच्या मैदानावर लावून पाहू या.

पहिले माप गोष्टीचे. 7 डिसेंबर 2021 रोजी अ‍ॅनाहाइम डक्स संघाच्या ट्रेव्हर झेग्रसने बफेलो येथे एक अजब करामत केली. गोलच्या मागे उभे राहून त्याने पक काठीच्या पात्यावर उचलला आणि चौकटीवरून पलीकडे असा उडवला की, समोरच्या सोनी मिलानो या सोबत्याने तो हवेतल्या हवेतच आत मारला. काही जाणकारांना हा दिखाऊपणा वाटला. परंतु तिथे कौशल्य खरे होते, त्यामागे कित्येक तासांचा सराव होता आणि गोल नोंदला गेला तो दुसऱ्याच्या नावावर. देवाने दिलेली कला लपवून ठेवणे म्हणजे नम्रता नव्हे. पुरून ठेवलेल्या रुपयांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे.

दुसरे माप लोकांच्या मताचे. कॅरोलिना हरिकेन्स या संघाने 2018-19 च्या हंगामात घरच्या मैदानावर सामना जिंकला की सर्वांनी मिळून प्रेक्षकांसमोर काही गंमत करायची, अशी प्रथा पाडली. कधी टाळ्यांचा ताल धरायचा, कधी सगळ्यांनी एकदम काचेच्या भिंतीवर जाऊन आदळायचे. प्रेक्षक खूश होत. कॅनडाचे नामवंत समालोचक डॉन चेरी यांनी मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांना मूर्खांची टोळी ठरवले. संघाने चेरी यांचेच शब्द टी-शर्टवर छापले आणि चाहत्यांनी ते हौसेने घातले. कृती एकच, पण एकाला ती पोरकट वाटली आणि दुसऱ्याला लाडकी. लोकांच्या टाळ्यांवर आणि लोकांच्या शिव्यांवर आपली किंमत ठरवू लागलो, तर आपल्याला रोज नवा भाव येईल. जकातदाराकडे बोट दाखवून प्रार्थना करणारा परुशी मंदिरात असूनही लोकांच्याच नजरेत उभा होता, हे प्रभू येशूने आपल्याला दाखवून दिले आहे.

तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. आनंद कोणाकडे वळतो? 8 डिसेंबर 2011 रोजी न्यूयॉर्क रेंजर्स संघाच्या आर्टेम अनिसिमोव्हने टँपा बे संघाविरुद्ध सुरेख गोल केला. आणि लगेच त्याने आपली काठी बंदुकीसारखी धरून प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर नेम धरला. पाहता पाहता मैदानावर हाणामारी जुंपली. पंचांनी त्याला शिक्षा दिली आणि सामन्यानंतर त्याने माफी मागितली. गोल तोच, कौशल्य तेच, पण त्याचा आनंद हरलेल्या माणसाकडे तोंड करून उभा राहिला होता. जिथे आपल्याला आनंदासाठी दुसऱ्याची मानहानी लागते, तिथे तो आनंद उरत नाही. त्याचे दुसरे काहीतरी झालेले असते.

याउलट एक प्रसंग पाहा. स्टॅन्ले चषक हा त्या खेळातील सर्वोच्च सन्मान. चषक मिळाला की तो प्रथम कर्णधाराने डोक्यावर उचलायचा, अशी रीत आहे. 9 जून 2001 रोजी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच संघाने डेन्व्हरमध्ये तो जिंकला. संघात रे बर्क हा 40 वर्षांचा खेळाडू होता. या स्पर्धेतील त्याचा हा 22 वा आणि शेवटचा हंगाम, आणि तोवर एकदाही त्याला हा चषक मिळाला नव्हता. कर्णधार जो सॅकिकने चषक हातात घेतला आणि स्वतः न उचलता थेट बर्कच्या हाती दिला. गौरवाचा पहिला क्षण त्याने दुसऱ्याला देऊन टाकला. शेजाऱ्याकडे वळवलेला गौरव पोकळ राहत नाही, हे संत थॉमस यांचे म्हणणे समजायला याहून वेगळे भाष्य कशाला हवे?

माणूस यात वाढूही शकतो. अलेक्झांडर ओवेच्किन हा रशियन खेळाडू वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाकडून खेळतो. 19 मार्च 2009 रोजी टँपा येथे हंगामातील 50 वा गोल केल्यावर त्याने काठी बर्फावर ठेवली आणि ती तापली आहे असे दाखवून वर हात शेकण्याची नक्कल केली. सोबत्यांनाही त्यात ओढण्याचा त्याचा बेत होता, पण ते काही सामील झाले नाहीत. पुढे 6 एप्रिल 2025 रोजी त्याने कारकिर्दीतील 895 वा गोल करून वेन ग्रेट्झ्की यांचा 894 गोलांचा विक्रम मोडला. तेव्हाही तो बर्फावर पोटावर घसरलाच, स्वभाव कुठे जाणार! परंतु सामना थांबवून झालेल्या सोहळ्यात त्याने सोबत्यांचे आणि कुटुंबाचे आभार मानले, आणि ज्याच्याविरुद्ध गोल झाला त्या इल्या सोरोकिन या गोलरक्षकाची गमतीने पण प्रेमाने आठवण काढली. हरलेल्या माणसालाही त्याने आपल्या आनंदात जागा दिली.

या खेळाची एक पद्धत आपल्याला फार आवडण्यासारखी आहे. गोल झाला की नोंदवहीत एकट्या गोल करणाऱ्याचे नाव लिहीत नाहीत. त्याच्याआधी पक पुढे सरकवणाऱ्या जास्तीत जास्त दोन सोबत्यांची नावेही साहाय्यक म्हणून लिहितात आणि त्यांनाही तेवढाच एक गुण देतात. ग्रेट्झ्की यांची अशी साहाय्ये 1963 आहेत. त्यांचे सर्व गोल वजा केले तरी दुसऱ्या कोणाचेही एकूण गुण तेवढे भरत नाहीत. आता आपल्या आयुष्याची नोंदवही उघडू या. आपण जे मिळवले त्यात आईवडिलांचे, शिक्षकांचे, आपल्याला प्रार्थना शिकवणाऱ्या आजीचे नाव कुठे लिहिले आहे? जे आपल्याला मिळालेलेच आहे त्याची बढाई कशासाठी, असा प्रश्न संत पौल करिंथकरांना विचारतो. तो प्रश्न आपल्याला चुकवता येणार नाही.

आपल्याकडेही गोल होतात. परीक्षेचा निकाल लागतो, मुलाला परदेशी नोकरी मिळते, नवे घर उभे राहते, मुलीचे लग्न ठरते. आनंद अवश्य करू या. हरवलेले मेंढरू सापडल्यावर मेंढपाळ मित्रांना आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंदात सहभागी करून घेतो, हे प्रभू येशूनेच सांगितले आहे. पण त्याच दिवशी शेजारच्या घरात नापास झालेला मुलगा दार लावून बसला असेल, तर आपले पेढे आधी कोणाच्या हाती जातात आणि आपले फटाके कोणाच्या कानांवर पडतात, याचा विचार करू या. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, अशी शिकवण संत पौल रोमकरांना देतो. या दोन्ही गोष्टी कधीकधी एकाच दिवशी, एकाच गल्लीत कराव्या लागतात.

बाद फेरीची मालिका संपली की आइस हॉकीचे दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध रांग लावतात आणि प्रत्येक खेळाडू समोरच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करतो. ज्यांनी काही मिनिटांपूर्वी एकमेकांना कठड्यावर आदळले, तेच हातमोजे काढून हात पुढे करतात. आपणही पवित्र मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी एकमेकांना शांती देतो. आज तो हात पुढे करताना, ज्याच्यापुढे आपण जिंकलो आणि मिरवलो त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणू या. तो याच मंदिरात, चार बाके मागे बसलेला असू शकेल.

बहात्तर शिष्य आपल्या यशाने हरखून परतले, तेव्हा प्रभूने त्यांचा आनंद हिरावून घेतला नाही. त्याने तो अधिक खोल केला. आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, या गोष्टीचा आनंद माना, असे त्याने त्यांना सांगितले. तिथली नोंद कोणत्याही सातव्या सामन्याने पुसली जात नाही.

हे प्रभू, आमच्या यशात आम्हांला तुझी आठवण राहू दे, आमच्या आनंदात आमच्या शेजाऱ्याला जागा मिळू दे, आणि दुसऱ्याच्या आनंदाकडे खिडकीतून न पाहता दार उघडून बाहेर येण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.